एका चाकाची ओळखपरेड

मुंबईच्या उपनगरांत सध्या पुनर्विकासाचा मोसम आहे. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, कुठेही जा, दर दोन गल्ल्यांआड एक बिल्डिंग हिरव्या जाळीत गुंडाळलेली दिसते. बिल्डिंग रिकामी करायची वेळ आली की गच्चीवरून, जिन्याखालून, पाण्याच्या टाकीमागून काय काय बाहेर येतं! तांब्याचा बंब, पाट्याचा वरवंटा (पाटा गायब), लाकडी रेडिओचं खोकं, कोणाच्या तरी मुंजीतलं सोवळ्याचं गाठोडं. ह्या बहुतेक वस्तूंना ओळख लागत नाही. बंब हा बंबच असतो. पण गाडीशिवाय एकटंच चाक निघालं तर? ते कोणाचं, कधीचं, हे सांगायचं कसं?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत असं चाक निघालं. तारांचं, म्हणजे सायकलसारखे स्पोक असलेलं, पण सायकलच्या चाकापेक्षा कितीतरी जड. टायर नाही, मधली टोपी नाही, वर तीन-चार थरांचा ऑइलपेंट, शेवटचा थर ग्रिलला लावतात तसा हिरवा. चाक दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं. वय ऐंशी पूर्ण. त्यांचे वडील कोकणातून मुंबईत आले आणि ग्रँट रोडच्या एका गॅरेजात फिटर म्हणून लागले. पुढे कधीतरी त्यांनी हे चाक घरी आणलं. गिरगावातल्या चाळीत ते होतं, मग १९५८ साली बिऱ्हाडाबरोबर मुलुंडला आलं. घरात त्याचं नाव एकच, "रोल्सचं चाक". कुठल्याशा महाराजांची रोल्स रॉईस गॅरेजात यायची, त्यातलं हे, अशी आख्यायिका.

भंगारवाल्याने चारशे रुपये सांगितले. त्याला काकांनी हाकललं. पण कमिटीला मात्र ती आख्यायिका भलतीच आवडली. नव्या टॉवरच्या लॉबीत एक कोनाडा आहे, तिथे हे चाक टांगायचं, खाली पितळी पाटी : "रोल्स रॉईस, काका अमुक यांच्या सौजन्याने". पाटीचा मजकूर द्यायची तारीखही ठरली.

काकांनी मला बोलावलं. "तू इंजिनिअर ना? मग जरा बघ, साल कुठलं ते. पाटीवर साल हवं."

"काका, मी सॉफ्टवेअरमधला."

"तेच ते."

तर साल शोधायचं म्हणून मी चाकाला हात घातला. पण साल शोधायचं तर आधी गाडी शोधावी लागते. आणि पितळेत कोरलेलं पुसता येत नाही, म्हणजे जे काय सांगायचं ते खरं असायला हवं. पुढचे तीन शनिवार-रविवार त्यात गेले. ह्या प्रकरणात एवढं काही सापडलं की म्हटलं लिहूनच काढावं.

आधी थोडं चाकाबद्दल. बैलगाडीचं चाक आठवा. मधे तुंबा, त्यातून निघणारे लाकडी आरे, बाहेर लोखंडी धाव. गाडीचा भार जमिनीकडच्या आऱ्यावर दाबून पडतो, खांबावर छप्पर पडावं तसा. तारेचं तसं नाही. तार ओढ सहन करते, दाब नाही. वरून दाबली की वाकते. म्हणून तारांच्या चाकात सगळ्या तारा आधीच ताणून ठेवतात. भार आला की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, इतकंच. ताण शून्यावर जात नाही तोवर चाक मजबूत. ही कल्पना इंग्लंडच्या जॉर्ज केली नावाच्या माणसाने १८०८ साली मांडली, तीसुद्धा विमानाचं चाक हलकं व्हावं म्हणून! विमानं उडायला अजून जवळजवळ शंभर वर्षं बाकी होती. पुढे १८७४ मध्ये कॉव्हेन्ट्रीच्या जेम्स स्टार्लीने स्पोक सरळ न लावता तिरके, एकमेकांवरून नेऊन लावले. त्यामुळे मधून दिलेला पीळ बाहेरच्या रिमपर्यंत पोचायला लागला. आपल्या सायकलींना आजही तेच.

मोटारीला मात्र सुरुवातीला लाकडी आऱ्यांची चाकं असायची आणि ती रस्त्यात काढता यायची नाहीत. पंक्चर झालं की तिथेच बसून टायर सोडवायचा. ह्यावर वेल्समधल्या लॅनेली गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली तोडगा काढला. आरे नसलेली एक जादा रिम, टायर चढवून तयार, ती पंक्चर झालेल्या चाकाला शेजारून चिमट्यांनी अडकवायची. त्यांचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून ती स्टेपनी! इंग्लंडमध्ये हा शब्द कधीच विस्मरणात गेला. आपल्याकडे मात्र कुठल्याही टायरवाल्याला विचारा, "स्टेपनीत हवा आहे का?" लगेच कळतं.

त्या मूळ स्टेपनीला संपवलं ते काढता येणाऱ्या तारांच्या चाकाने. कॉव्हेन्ट्रीच्याच रज-व्हिटवर्थ कंपनीत जॉन पघ ह्यांनी ते बनवलं. चाकाच्या मधल्या नळीत आतून दाते, गाडीच्या हबवर बाहेरून दाते, एकात एक सरकवायचं आणि वरून एकच मोठा नट. दोन कान असलेला तो नट हातोड्याने ठोकून घट्ट करायचा. चाक बदलणं मिनिटांवर आलं.

आता मुख्य भाग. असं बेवारस चाक ओळखायचं कसं? मला जी पद्धत सापडली ती डीबगिंगसारखीच आहे. आधी ढोबळ प्रश्न, मग बारीक.

पहिला प्रश्न : चाक गाडीला कसं बसतं? मध्ये दाते असतील तर ते रज पद्धतीचं, एका नटाचं. बहुतेक इंग्लिश स्पोर्ट्स गाड्या, महागड्या इंग्लिश आणि इटालियन गाड्या ह्यात येतात. दात्यांच्या नळीची मापं ठरलेली असायची : ४२, ५२, ६२, ७२, ८० मिलिमीटर. ४२ म्हणजे एम.जी.सारखी छोटी गाडी, ५२ म्हणजे जग्वारसारखी मोठी. हब हातात असेल तर त्याच्या आट्यांवरून बाजूही कळते. गाडीच्या डाव्या बाजूला नेहमीच्या उजव्या आट्या, उजव्या बाजूला उलट्या, म्हणजे गाडी पुढे धावताना नट आपोआप आवळला जातो. गंमत अशी की बोल्टच्या चाकांच्या डॉज-प्लिमथसारख्या गाड्यांत उलट्या आट्या डाव्या बाजूला असायच्या!

आणि मध्ये दाते नसून गोलात भोकं असतील तर ते बोल्टचं चाक. स्वस्त, भरपूर संख्येने बनणाऱ्या गाड्यांचं. आमच्या चाकाला मध्ये मोठं गोल भोक आणि भोवती बोल्टची पाच भोकं. इथेच माझ्या पोटात गोळा आला. कारण त्या काळातल्या रोल्सची तारांची चाकं मध्ये एकाच मोठ्या नटाने बसायची.

दुसरा प्रश्न : भोकांच्या वर्तुळाचा व्यास. भोकं पाच असली की समोरासमोर दोन येत नाहीत, त्यामुळे व्यास सरळ मोजता येत नाही. मग शेजारच्या दोन भोकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर घ्यायचं आणि ०.५८८ ने भागायचं. (नववीतली भूमिती. ३६ अंशाचा साइन.) माझं अंतर आलं ८२ मिमी, म्हणजे व्यास १३९.५ च्या आसपास, म्हणजेच साडेपाच इंच. फोर्डचं माप! पण थांबा. पाच भोकं आणि साडेपाच इंच हे दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचंही माप, आणि आपल्या मारुती जिप्सीचंही. एकटा हा आकडा पुरावा म्हणून कुचकामाचा. पुष्कळ जणांचा पासवर्ड एकच असतो तसं आहे हे.

तिसरा प्रश्न : रिमचा व्यास. इथे टेप बाहेरच्या कडेला लावायचा नाही. टायरची कड जिथे बसते तिथलं माप हवं; बाहेरून बाहेर मोजलं तर आकडा इंच-दीड इंचाने जास्त येतो. शिवाय जुन्या टायरवरचे आकडे वाचायची तऱ्हा वेगळी. "३० × ३½" लिहिलं असेल तर ३० हा टायरचा बाहेरचा व्यास, रिम निघते ३० वजा दोनदा साडेतीन, म्हणजे २३ इंच. "४.५०-२१" लिहिलं असेल तर २१ हीच थेट रिम. फॉरमॅट बदलला, आकडे तसेच, कुठे सूचना नाही. ओळखीचं वाटतंय ना?

रिमचा आडवा छेदही बोलतो. कडा आत वळलेल्या असतील आणि टायरची कड त्यात अडकत असेल तर ते जुनं, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागचं. मध्ये खोलगट पन्हाळ असेल तर साधारण विशीच्या दशकाच्या उत्तरार्धानंतरचं. आमच्याला पन्हाळ आहे आणि रिम २१ इंच.

चौथा प्रश्न : स्पोक. मोजायचे, पण त्याआधी टोकं पाहायची. रज पद्धतीच्या चाकात रिमपाशी निपल असते, सायकलसारखीच, फिरवून ताण कमी-जास्त करता येतो. मोजणी तिथे फार उपयोगी. एम.जी. टी.सी.ला १९ इंची चाकात ४८ स्पोक, एम.जी.बी.ला १४ इंचीत ६०, जग्वार ई-टाइपला १५ इंचीत ७२. आमच्या चाकाला निपलच नाहीत. रंग खरवडला तर स्पोक दोन्ही टोकांना वेल्ड केलेले. ही फोर्डची खासियत. लाखोंनी चाकं बनवायची तर एकेक तार ताणत कोण बसणार? जाड स्पोक घ्या, विजेने वेल्ड करा, संपलं.

पाचवा प्रश्न : ठसे. रिमवर व्हॉल्व्हच्या भोकाजवळ, हबच्या आतल्या बाजूला, नटाच्या कानांवर. ग्राइंडर अजिबात लावायचा नाही, पुसट अक्षरं त्यातच जातात. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल, मऊ ब्रश, आणि टॉर्च बाजूने तिरका धरायचा. कागद ठेवून पेन्सिल घासली की, लहानपणी नाणी छापायचो तशी अक्षरं उमटतात. आमच्या चाकावर गंज आणि ग्रिलचा हिरवा, एवढंच उमटलं.

एकत्र करून पाहा : पाच बोल्ट, साडेपाच इंच, २१ इंची पन्हाळीची रिम, वेल्ड केलेले स्पोक. फोर्ड मॉडेल ए. आणि फोर्डने सालानुसार रिम लहान लहान करत नेली हे आपलं नशीब : १९२८-२९ ला २१ इंच, १९३०-३१ ला १९, १९३२ ला १८, १९३३-३४ ला १७, १९३५ ला १६. १९३६ पासून पत्र्याची चाकं. इतकं सरळ व्हर्जनिंग आमच्या ऑफिसातही कोणी करत नाही.

एक शंका उरली. आधीच्या मॉडेल टी.लाही शेवटी शेवटी, १९२६-२७ मध्ये, २१ इंची तारांची चाकं मिळायची. म्हणून ओळखीतून ओळख काढत ठाण्याच्या एका गृहस्थांपर्यंत पोचलो. त्यांच्याकडे १९२९ ची मॉडेल ए आहे, व्हिंटेज रॅलीत उतरते. चाक रिक्षात घालून नेलं (रिक्षावाल्याने विचारलं, "साहेब, बाकीची गाडी कुठंय?") आणि त्यांच्या गाडीच्या चाकाशेजारी उभं केलं. हबचा फुगवटा, स्पोकची मांडणी, मधल्या भोकाचा काठ, सगळं जुळलं. दोन फाइलींचा डिफ काढावा आणि एकही ओळ वेगळी येऊ नये, तसं.

मग लक्षात आलं, मुंबईत हे चाक निघणं किती साहजिक आहे. फोर्ड कंपनी १९२६ मध्ये मुंबईत आली, साम्राज्यातल्या बहुतेक देशांप्रमाणे इथलाही कारभार कॅनडाच्या फोर्डकडे होता. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला शेव्हरोले जोडायला सुरुवात केली. मॉडेल ए जगभरात चाळीस लाखांहून जास्त बनल्या. ग्रँट रोडच्या गॅरेजातल्या फिटरच्या हातात रोज काय येत असेल? महाराजांची रोल्स वर्षातून एकदा, फोर्ड रोज सकाळी. स्वातंत्र्यानंतर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज-प्लिमथ बाहेर पडायला लागल्या तोवर तारांचा जमाना संपला होता. ह्या दोन तारखांच्या मधल्या फटीत हे चाक नेमकं बसतं.

आता काकांना सांगायचं होतं. हे काम व्हर्नियरने होत नाही.

मी सगळे आकडे कागदावर लिहून नेले. घरात खोकी बांधून ठेवलेली, भिंतींवर कॅलेंडरांचे चौकोन. काकांनी कागद वाचला. परत वाचला. शाळेत गणित शिकवायचे ते, त्यामुळे ०.५८८ कुठून आला हे आधी विचारलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

"म्हणजे रोल्स नाही."

"नाही, काका."

"नक्की?"

"बोल्टची भोकं पाच आहेत. रोल्सला एकच नट असतो."

ते चाकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खरं सांगू? बाबा रोल्स कधीच म्हणाले नव्हते. ते म्हणायचे 'सायबाची गाडी'. चाळीतली पोरं विचारायची, कुठल्या गाडीचं रे? रोल्स मी केलं. सात-आठ वर्षांचा असेन. मग घरात सगळेच म्हणायला लागले, बाबापण हसायचे, नाही म्हणायचे नाहीत." थोडं थांबून, "पंचाहत्तर वर्षं टिकली की रे थाप."

मला काय बोलावं सुचेना. काकू आतून म्हणाल्या, "मला लग्नाच्या आधी सांगितलं होतं यांनी, रोल्सचं चाक आहे घरात." आणि आम्ही तिघंही हसलो.

कमिटीला मात्र हसू आलं नाही. सेक्रेटरींचं म्हणणं, पाटीवर रोल्सच ठेवू, कोण भोकं मोजायला येतंय? काकांनी सरळ सांगितलं, पाटीवर माझ्या वडिलांचं घर आहे, खोटं लिहायचं नाही. फोर्ड लिहा, १९२८-२९ लिहा, आणि "गॅरेजातल्या फिटरकडून" असं लिहा. त्यावर कमिटीचा उत्साह मावळला. फोर्ड कसली, अँबॅसिडर असती तरी चाललं असतं, असंही एकजण म्हणाला. कोनाड्यात आता गणपती बसणार आहे. ते बरंच झालं.

चाकाचं काय? काकांचा मुलगा न्यू जर्सीला, त्याने फोनवर सांगितलं, टाकून द्या. भाड्याच्या घरात जागा नाही. ठाण्याच्या त्या गृहस्थांच्या गाडीला मागे जादा चाकाची चौकट आहे, ती रिकामी होती. विषय मीच काढला. अशा गाड्यांची किंमत बरीचशी त्या किती मूळ स्वरूपात आहेत ह्यावर असते; २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना सरकार "व्हीए" अक्षरांची वेगळी नंबरप्लेट देतं, त्यातही चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेली गाडी चालत नाही. चाक त्या यादीत नाही, पण मालकांना चाकही अस्सल हवं असतं. पैसे किती, असं त्यांनी विचारलं. काकांनी चारशे सांगितले, "भंगारवाल्याचा भाव". वर एक अट घातली : ह्या चाकावर गाडी धावणार नाही. शंभरीला टेकलेलं वेल्ड, आतून गंज किती ते दिसत नाही. रस्त्यावर तुटलं तर कोणाचा जीव जाईल. फक्त मागे, स्टेपनी म्हणून. फिटरचा मुलगा शेवटी.

हिरवा रंग काढल्यावर खाली काळा निघाला म्हणे. काकांना फोटो पाठवलाय. त्यांनी तो मुलाला पुढे पाठवला, खाली लिहून : "फोर्ड. १९२८-२९."

तर मंडळी, तुमच्या बिल्डिंगमध्ये, गावच्या पडवीत किंवा कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर भंगारात असं एखादं चाक दिसलं तर घासायच्या, रंगवायच्या, काच ठेवून टीपॉय करायच्या आधी दहा मिनिटं द्या. मध्ये दाते की भोकं, भोकं किती आणि किती अंतरावर, रिम कितीची आणि पन्हाळ आहे का, स्पोकला निपल की वेल्ड, ठसा काही आहे का. पाच उत्तरं लिहा, बाजूने, समोरून आणि मागून फोटो काढा. आणि घरात त्याची काही गोष्ट सांगत असतील तर तीही लिहून ठेवा, सांगणाऱ्याच्या शब्दांत. आमच्या बाबतीत "सायबाची गाडी" एवढे दोनच शब्द अस्सल निघाले. तो साहेब कोण होता, हे काही चाकावर लिहिलेलं नव्हतं.